कन्नड क्रियापद चालवायचं कसं: एक ‘माडु’ धरून सगळे काळ, सगळे अर्थ

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी माणसाला कन्नड अजिबात कळत नाही असं क्वचितच असतं. बाजारात, बसमध्ये, कामावर ते रोज कानावर पडतंच. अडतं ते बोलताना, आणि तेही नामांपाशी नाही. नीरु, दुड्डु, ऊट, मनी हे शब्द कुणालाही येतात. पण ‘तुम्ही सांगितलं असतं तर मी आलो असतो’ असं म्हणायची वेळ आली की माणूस हिंदीवर नाहीतर हातवाऱ्यांवर येतो, कारण क्रियापद कधी नीट चालवून बघितलेलंच नसतं. एसएसएलसीला (कर्नाटकातल्या दहावीला) कन्नड घेऊन पास झालेल्यांचीही बऱ्याचदा हीच गत. तक्ते पाठ, पण ऐन वेळी तोंडात रूप येत नाही.

इथं ‘माडु’ म्हणजे ‘कर’ हा एकच धातू घेतला आहे. तो नियमित चालतो आणि लागतो सगळीकडे: ऊट माडु (जेव), केलस माडु (काम कर), फोन माडु, सहि माडु. हा एक पक्का झाला की बाकीच्या धातूंत फक्त फरक तेवढे लक्षात ठेवायचे.

आधी उच्चार

कन्नड रूपं इथं देवनागरीत लिहिली आहेत, पण मराठीसारखी वाचू नका. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो, कन्नडमध्ये तो पूर्ण उच्चारायचा. ‘बंद’ म्हणजे ‘आलेला’ किंवा ‘तो आला’, आणि त्यातला द ठळक ‘द’ आहे. दार बंद करतो त्यातला ‘बंद’ नव्हे.

जोडाक्षरावर जोर द्यायला विसरू नका. ‘माडिद’ म्हणजे ‘त्यानं केलं’, ‘माडिद्द’ म्हणजे ‘त्यानं केलं होतं’. सगळा फरक एका द चा आहे.

ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. मराठी लिहिताना वेलांटी-उकार चुकला तर फार तर शुद्धलेखनाचा गुण जातो, इथं अर्थच बदलतो. माडिदरु (त्यांनी केलं), माडिदरू (केलं तरी), माडिदरे (केलं तर) हे तीन वेगळे शब्द आहेत. कन्नडमध्ये ए आणि ओ सुद्धा आखूड आणि लांब असे दोन-दोन असतात. देवनागरीत तो फरक दिसत नाही म्हणून इथं एक ठोकताळा देतो: क्रियापदाच्या अगदी शेवटी येणारा ए आखूड धरा. ‘माडुत्तेने’ यात ‘ते’ लांब, ‘ने’ आखूड.

धातू, काळ, पुरुष: तीन तुकडे

कन्नड क्रियापद तीन तुकड्यांचं असतं. पुढं धातू, मधे काळाची खूण, शेवटी कोण करतोय त्याचा प्रत्यय. कन्नड व्याकरणात या शेवटच्या तुकड्याला आख्यातप्रत्यय म्हणतात. वर्तमानाची खूण ‘उत्त’, भूतकाळाची ‘द’, भविष्याची ‘व’.

वर्तमान असा चालतो. आधी पुस्तकी रूप, मग आपल्या भागात ऐकू येणारं बोली रूप:

नानु (मी) – माडुत्तेने – माड्तीनि
नीनु (तू) – माडुत्तीय – माड्ती
अवनु (तो) – माडुत्ताने – माड्तान
अवळु (ती) – माडुत्ताळे – माड्ताळ
अदु (ते) – माडुत्तदे – माड्तैति
नावु (आम्ही, आपण) – माडुत्तेवे – माड्तीवि
नीवु (तुम्ही) – माडुत्तीरि – माड्तीरि
अवरु (ते, त्या, आदरार्थी तो-ती) – माडुत्तारे – माड्तार
अवु (जनावरं, वस्तू) – माडुत्तवे – माड्ताव

बोलीत ‘अवनु’चा ‘अंव’ आणि ‘अवळु’ची ‘आकि’ होते, तेही कानाला लावून ठेवा. बोलायला बोली रूपच वापरा. पुस्तकी रूप वाचायला, अर्ज लिहायला, परीक्षेला. दोन्ही एकाच वाक्यात कालवली की ऐकणाऱ्याला हसू येतं, आणि बोलणारा बिचारा पुन्हा हिंदीवर जातो.

या तक्त्यात मराठी माणूस तीन ठिकाणी घसरतो.

एक, ‘मी करतो’ आणि ‘मी करते’ असा भेद इथं नाही. बाई बोलो की बुवा, माडुत्तेने. स्त्री-पुरुष भेद फक्त तृतीय पुरुषी एकवचनात दिसतो.

दोन, लिंग शब्दाला नसतं, अर्थाला असतं. माणूस पुरुष असेल तर अवनु, स्त्री असेल तर अवळु, बाकी सगळं अदु. मराठीत म्हैस आली, बस आली, पाऊस आला. कन्नडमध्ये एम्मे बंतु, बस्सु बंतु, मळे बंतु. सगळीकडे एकच ‘बंतु’. लहान मूलसुद्धा (मगु) ‘अदु’मध्येच जातं. इथं आपलं काम उलट सोपं होतं, पण जीभ सवयीनं बसला ‘बंदळु’ म्हणून मोकळी होते.

तीन, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींना ‘नावु’. ‘आम्ही जातो’ की ‘आपण जाऊ’ हे संदर्भावर सोडायचं.

भविष्यकाळाची वेगळी रूपं आहेत: माडुवेनु, माडुवे, माडुवनु, माडुवळु, माडुवुदु, माडुवेवु, माडुविरि, माडुवरु, माडुवुवु. पण बोलताना ती कुणी वापरत नाही. ‘नाळे बर्तीनि’ म्हणजे ‘उद्या येतो’. मराठीतही ‘उद्या येतो’ असंच म्हणतो, तेव्हा इथं शिकण्यासारखं काही नाही. निघताना ‘येतो’ म्हणायचं असेल तरी ‘बर्तीनि’.

भूतकाळ: इथं बेळगावी मराठी कामाला येते

माडिदेनु (बोलताना माडिदे), माडिदे, माडिदनु (माडिद), माडिदळु, माडितु, माडिदेवु, माडिदिरि, माडिदरु, माडिदवु.

प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माच्या मागे जातं. मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी केळं खाल्लं. कन्नडमध्ये ते कायम कर्त्याच्या मागे असतं. नानु रोट्टि तिंदे, नानु माविनहण्णु तिंदे, नानु बाळेहण्णु तिंदे. खाल्लं काहीही असो, ‘तिंदे’ बदलत नाही. कर्त्याला ‘ने’ही लागत नाही: ‘त्यानं’ नाही, नुसतं ‘अवनु’.

आपल्याकडे घरोघरी ‘मी सांगितलो’, ‘मी काम केलो’, ‘मी चहा पिलो’ असं बोलतात. शाळेत त्यावर लाल शाई चालते आणि मराठीच्या पेपरात ती बरोबरच आहे. कन्नड बोलताना मात्र नेमकी हीच घडण हवी. ‘मी सांगितलो’ असं मनात म्हणा आणि ‘हेळिदे’ म्हणा. ‘मी सांगितलं’वरून निघालात तर ‘काय सांगितलं’ याचं लिंग शोधत बसाल. असं आणखी तीन-चार जागी होतं, ते पुढे येईलच. कन्नड शिकताना पुस्तकी मराठी बाजूला ठेवून गल्लीतल्या मराठीवरून उडी घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत.

एक अडचण आहे: ‘माडिदे’ म्हणजे ‘मी केलं’ही आणि ‘तू केलंस’ही. शिवाय ‘त्यानं (यंत्रानं, सरकारनं) केलंय’ यालाही ‘माडिदे’च. म्हणून भूतकाळात नानु, नीनु गाळू नका. वर्तमानात गाळले तर चालतात.

अनियमित धातू: ‘ऊन’चं रूप पाठ करा

पाठांतर करायचंच असेल तर तक्ता नको, प्रत्येक धातूचं ‘करून, येऊन, जाऊन’ हे रूप करा. त्यावरून भूतकाळ, पूर्ण काळ, नकार, ‘जर-तर’, शक्यता इतकी सगळी रूपं निघतात.

नियम असा. ‘ऊन’चं रूप इकारान्त असेल तर त्याला द लावून पुरुषाचा प्रत्यय: माडि, माडिद. उकारान्त असेल तर उ काढून थेट प्रत्यय: बंदु, बंद. नियमित धातू बहुतेक माडुसारखेच असतात: नोडु (बघ) नोडि नोडिद, हेळु (सांग) हेळि हेळिद, केळु (ऐक, विचार) केळि केळिद, हाकु (घाल) हाकि हाकिद. ओदु (वाच) आणि ओडु (पळ) हेही नियमित आहेत, फक्त द-ड सांभाळा. ‘मुलगा वाचतोय’ म्हणताना मुलगा पळायला लागतो.

ए किंवा इ नं संपणाऱ्या धातूंत वर्तमानात मधे य येतो: बरे (लिही) बरेयुत्ताने, बरेदु, बरेद, कुडि (पी) कुडियुत्ताने, कुडिदु, कुडिद, नडे (चाल) नडेयुत्ताने, नडेदु, नडेद.

खरे बदमाश पुढचे. आधी धातू, मग ‘ऊन’, मग ‘तो …ला’:

बरु (ये) – बंदु – बंद. तरु (आण) – तंदु – तंद.
कोडु (दे) – कोट्टु – कोट्ट. इडु (ठेव) – इट्टु – इट्ट. बिडु (सोड) – बिट्टु – बिट्ट.
तिन्नु (खा) – तिंदु – तिंद. उण्णु (जेव) – उंडु – उंड.
एळु (ऊठ) – एद्दु – एद्द. बीळु (पड) – बिद्दु – बिद्द.
निल्लु (थांब, उभा राहा) – निंतु – निंत. कलि (शिक) – कलितु – कलित. मरे (विसर) – मरेतु – मरेत.
सायु (मर) – सत्तु – सत्त. सिगु (मिळ, सापड) – सिक्कि – सिक्किद.
तेगेदुकोळ्ळु (घे) – तेगेदुकोंडु – तेगेदुकोंड.

हे जोड्या-जोड्यांनी पाठ करा, बरु-तरु, कोडु-इडु-बिडु, एळु-बीळु असे. एकट्यानं कुठलाच लक्षात राहत नाही. वर दिलेला नियम मोडणारे दोन धातू मात्र वेगळे ठेवा. होगु (जा) आणि आगु (हो) यांची ‘ऊन’ रूपं होगि, आगि. पण भूतकाळ होद, आद, आणि नपुंसकात होयितु, आयितु. ‘आयितु’ दिवसातून शंभरदा ऐकू येतो: झालं, ठीक आहे, बरं.

‘इरु’ आणि जोडकाळ

‘इरु’ म्हणजे अस. त्याचा वर्तमान उत्त न लावता चालतो: इद्देने, इद्दीय, इद्दाने, इद्दाळे, इदे, इद्देवे, इद्दीरि, इद्दारे, इवे. ‘इदे’ला बोलीत ‘ऐति’. भूतकाळ: इद्दे, इद्दे, इद्द, इद्दळु, इत्तु, इद्देवु, इद्दिरि, इद्दरु, इद्दवु. ‘इद्दीरि’ म्हणजे आहात, ‘इद्दिरि’ म्हणजे होता. ‘इद्दारे’ आहेत, ‘इद्दरु’ होते. ‘साहेब आहेत का’ विचारायचं आणि ‘साहेब होते का’ विचारून बसायचं, ही चूक इथलीच. ‘इरुत्ताने’ हे वेगळं, ते ‘असतो’. आहे आणि असतो हा भेद मराठीत आहेच, त्यामुळे इथं डोकं लावावं लागत नाही.

आता याला जोडा. ‘ऊन’चं रूप + इद्देने म्हणजे ‘केलंय’: माडिद्देने, बंदिद्देने, होगिद्देने. ‘ऊन’चं रूप + इद्दे म्हणजे ‘केलं होतं’: माडिद्दे, बंदिद्दे. ‘माडुत्त’ (करत) + इद्देने म्हणजे ‘करतोय’: माडुत्तिद्देने. ‘माडुत्त’ + इद्दे म्हणजे ‘करत होतो’: माडुत्तिद्दे.

बोलीत ‘केलंय, आलाय, गेलाय’ला माड्यान, बंदान, होग्यान अशी आखूड रूपं आहेत. ‘करतोय’ला तर बेळगाव-धारवाडकडे ‘माडाकत्तीनि’. हे मुळात ‘माडाक हत्तीनि’, म्हणजे ‘करायला लागलोय’. आपण घरी काय म्हणतो? ‘काय करालायस?’, म्हणजे करायला लागलायस. घडण तीच आहे. करालोय – माडाकत्तीनि, करालाय – माडाकत्तान, करालेत – माडाकत्तार. ‘करत आहे’वरून जाऊ नका, ‘करालाय’वरून जा.

नकार: तीन ‘नाही’

नकाराची रूपं पुरुषाप्रमाणे बदलत नाहीत. मी, तू, तो, ते, सगळ्यांना एकच. इतकी सोय क्वचित मिळते. पण ‘नाही’ तीन प्रकारचे आहेत आणि ते एकमेकांच्या जागी टाकले की घोटाळा होतो.

माडुवुदिल्ल – करत नाही, करणार नाही (बोलीत माडंगिल्ल).
माडलिल्ल – केलं नाही (त्या वेळी).
माडिल्ल – केलेलं नाही (अजून).

पहिले दोन धातूवरून निघतात, तिसरा ‘ऊन’च्या रूपावरून: बरलिल्ल पण बंदिल्ल, कोडलिल्ल पण कोट्टिल्ल. ‘करत नाहीय’ला माडुत्तिल्ल.

नाडकचेरीत (महसुलाच्या स्थानिक कार्यालयात) जमिनीच्या उताऱ्यासाठी उभे आहात असं धरा. उताऱ्याला तिथं ‘पहणि’ म्हणतात. ‘पहणि इन्नू सिक्किल्ल’ म्हटलंत तर अर्थ: उतारा अजून मिळालेला नाही, मी वाट बघतोय. ‘निन्ने पहणि सिगलिल्ल’ म्हणजे काल मिळाला नाही, झालेली गोष्ट सांगतोय. आणि समोरचा ‘इवत्तु सिगंगिल्ल’ म्हणाला तर घरी जा, आज मिळणार नाही. मराठीतल्या एका ‘मिळाला नाही’नं पहिली दोन्ही कामं भागतात, म्हणून आपण सरसकट ‘सिगलिल्ल’ म्हणतो. ‘इन्नू’ (अजून) शब्द वाक्यात आला की पुढे हमखास ‘ऊन’वालं इल्ल घाला.

‘माझ्यानं होत नाही’ याला ‘नन्निंद आगुवुदिल्ल’, बोलीत ‘आगंगिल्ल’. ‘नन्निंद’ म्हणजे माझ्यानं, शब्दाला शब्द.

आज्ञा, विनंती, इच्छा

माडु – कर. माडि किंवा माडिरि – करा. आपल्या भागात ‘माड्रि’. ‘रि’ हा आदराचा, आणि तो क्रियापदापुरता थांबत नाही: हौद्रि, इल्लरि, एनरि. अनोळखी माणसाशी, वयानं मोठ्या माणसाशी, दुकानदाराशी बोलताना ‘रि’ विसरलात तर ते अरे-तुरे ठरतं. बरु आणि तरु इथंही वाकडे आहेत: बा (ये), बन्नि (या), ता (आण), तन्नि (आणा), बोलीत बर्रि, तर्रि. ‘बरु’ असं नुसतं म्हणून कुणाला बोलावता येत नाही.

‘माडि’ म्हणजे ‘करून’ही आणि ‘करा’ही. ‘ऊट माडि होगि’ म्हणजे ‘जेवून जा’, यात पहिली इ ‘ऊन’ची, दुसरी आज्ञेची. अनियमित धातूंत हा गोंधळ नसतो: बंदु – येऊन, बन्नि – या.

माडबेड – करू नको; माडबेडि, बोलीत माडबेड्रि – करू नका.
माडोण – करूया. धारवाडी वळणानं माडूणु.
माडलि – करू दे, करो. ‘ओळ्ळेयदागलि’ – भलं होवो. प्रश्न केला की परवानगी: ‘नानु बरला?’ – मी येऊ?

परीक्षा देणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. मराठीत विध्यर्थ म्हणजे ‘करावे’. कन्नड व्याकरणात ‘विध्यर्थक’ म्हणजे आज्ञा, इच्छा, आशीर्वाद, म्हणजे आपला आज्ञार्थ. नाव सारखं, खण वेगळा.

मराठी विध्यर्थाचं काम कन्नडमध्ये शेपट्या करतात आणि त्याही पुरुषाप्रमाणे बदलत नाहीत. माडबेकु – केलं पाहिजे. माडबहुदु – करू शकतो, करायला हरकत नाही. माडबारदु – करू नये. माडबेकित्तु – करायला हवं होतं. ‘बेकु’शी एक खास चूक जोडलेली आहे. ‘मला पाणी पाहिजे’ला ‘ननगे नीरु बेकु’, बरोबर. म्हणून ‘मला जायला पाहिजे’ला ‘ननगे होगबेकु’ असं आपण ओढून नेतो. तिथं कर्ता प्रथमेत हवा: ‘नानु होगबेकु’. ‘मी गेलं पाहिजे’ हे मराठी वाक्य मनात धरलं की चूक होत नाही.

शक्यता आणि जर-तर

कन्नडमध्ये ‘करेलही बहुधा’ यासाठी स्वतंत्र रूपं आहेत, त्यांना संभावनार्थक म्हणतात: माडियेनु, माडीये, माडियानु, माडियाळु, माडीतु, माडियेवु, माडीरि, माडियारु, माडियावु. लेखनात ती सगळी भेटतात, बोलण्यात थोडीच. ‘मळे बंदीतु’ – पाऊस येईलसं वाटतं. ‘बिद्दीय!’ – पडशील हं! पोराला झाडावर चढताना बघून मराठी आई भविष्यकाळात ओरडते, कन्नड आई संभावनार्थकात.

जर-तर सोपं आहे. भूतकाळाच्या रूपाला ‘रे’: माडिदरे, बंदरे, होदरे, कोट्टरे. ‘तरी’ला दीर्घ ऊ: माडिदरू, बंदरू. नकारात माडदिद्दरे (केलं नाही तर), माडदिद्दरू (केलं नाही तरी). ‘जर’साठी वेगळा शब्द लागत नाही.

आता सुरुवातीचं वाक्य. ‘तुम्ही सांगितलं असतं तर मी आलो असतो’: नीवु हेळिद्दरे नानु बरुत्तिद्दे. पहिल्या भागात ‘सांगितलं होतं’चं अंग (हेळिद्द) + रे. दुसऱ्या भागात ‘येत होतो’. हो, ‘आलो असतो’ला कन्नडमध्ये ‘येत होतो’चंच रूप. ‘बंदु इरुत्तेने’ असं शब्दाला शब्द जोडू नका, त्याचा अर्थ ‘येऊन असतो’ असा काहीतरी होतो.

जोडशब्द: इथं भाषांतरच चालतं

करून दे – माडि कोडु. करून बघ – माडि नोडु. करून टाक – माडिबिडु. करून घे – माडिको. शेवटचं क्रियापद तेवढं चालवायचं, पहिलं ‘ऊन’मध्ये गोठलेलं राहतं: माडिकोट्ट, माडिनोडिद, माडिबिट्ट, माडिकोंड.

विशेषणासारखी रूपंही जुळतात. बरुव वार – येता आठवडा, होद वार – गेला आठवडा. नानु ओदिद पुस्तक – मी वाचलेलं पुस्तक, ओदद पुस्तक – न वाचलेलं. माडदे – न करता. ‘येतो म्हणून सांगितला’ हेही तसंच: बर्तीनि अंत हेळिद. मूळ बोलणाऱ्याचं रूप जसंच्या तसं ठेवायचं, मधे ‘अंत’.

फलक आणि अर्ज

सरकारी कन्नडमध्ये ‘इसु’ लागलेले धातू फार. सगळे नियमित, सगळे माडुसारखे. नमूदिसि – नमूद करा. लगत्तिसि – सोबत जोडा. सल्लिसि – सादर करा. संस्कृत शब्दाला इसु लावला की धातू तयार: प्रार्थिसु, आरंभिसु, स्वीकरिसु. हाच इसु प्रयोजकही करतो: माडिसु – करवून घे.

दुसरी खूण ‘लागिदे’. मुच्चलागिदे – बंद करण्यात आलं आहे. निषेधिसलागिदे – मनाई करण्यात आली आहे. कोडलागुवुदु – देण्यात येईल. स्वीकरिसलागुवुदिल्ल – स्वीकारण्यात येणार नाही. मराठी सरकारी भाषेतलं ‘करण्यात येत आहे’ ज्याला वाचता येतं त्याला हे जड नाही. बोलताना मात्र कधी वापरू नका.

सराव

वहीत एका धातूला एक पान द्या. वर चार रूपं लिहा: धातू, वर्तमान, ‘ऊन’, भूतकाळ. खाली मराठी वाक्यांची एकच साखळी प्रत्येक धातूवर चालवा, न थांबता, मोठ्यानं. ‘बरु’वर ती अशी होते:

येतो बरुत्ताने, आला बंद, आलाय बंदिद्दाने, आला होता बंदिद्द, येत नाही बरुवुदिल्ल, आला नाही बरलिल्ल, अजून आलेला नाही बंदिल्ल, ये बा, या बन्नि, येऊ नको बरबेड, येऊया बरोण, येऊ दे बरलि, यायला पाहिजे बरबेकु, आला तर बंदरे, आला तरी बंदरू, आला असता बरुत्तिद्द.

अडखळलात तर कुठे अडलं ते बघा. बंदिद्दाने, बंदिल्ल, बंदरे इथं अडलं असेल तर ‘ऊन’चं रूप कच्चं आहे. बरलिल्ल, बरबेकु इथं अडलं तर धातूला प्रत्यय जोडताना उ काढायचा राहून जातोय. बा, बन्नि इथं अडलं तर ते नुसतं पाठांतर, त्याला नियम नाही. धातूंचा क्रम असा ठेवा: माडु, नोडु, हेळु, केळु, मग होगु, बरु, कोडु, तिन्नु, सिगु, इरु, आणि शेवटी तेगेदुकोळ्ळु.

‘कोडु’ची साखळी आधी स्वतः चालवा, मग ताडून बघा: कोडुत्ताने, कोट्ट, कोट्टिद्दाने, कोट्टिद्द, कोडुवुदिल्ल, कोडलिल्ल, कोट्टिल्ल, कोडु, कोडि, कोडबेड, कोडोण, कोडलि, कोडबेकु, कोट्टरे, कोट्टरू, कोडुत्तिद्द.